दोरी कुणीच ओढली नाही

"शववाहिनी होशिकावाची नको," असं चिझुरूने सांगितलं तेव्हा निवाच्या हातातला चहाचा पेला ओठांपाशी पोचलाच नाही. निवाचं इवात्सुमध्ये अंत्यविधीचं दुकान होतं, बापाच्या वेळेपासूनचं. अर्धं गाव त्यानेच पोचवलेलं. पण असली मागणी त्याच्या दुकानात आजवर कुणी केली नव्हती.

"वहिनी, दुसऱ्या कंपनीची गाडी आहे माझ्याकडे, नाही असं नाही," तो चाचरत म्हणाला. "पण ती मी बाहेरगावच्यांना देतो. आपल्या माणसाला... त्यातून अरामाकीदादांना... गाव काय म्हणेल?"

"काय म्हणेल ते तूच सांग. मी पाच वर्षं ऐकतेच आहे."

निवाने पेला खाली ठेवला. आतल्या खोलीत चिझुरूचा नवरा तोकुजी अरामाकी पांढऱ्या चादरीखाली निजलेला होता, उशाशी उदबत्ती जळत होती आणि चिझुरूच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. शेजारणींनी ते बघून ठेवलं होतं. बघू देत. रडायला माणसाच्या आत थोडी जागा रिकामी लागते, आणि चिझुरू गळ्यापर्यंत रागाने भरलेली होती.

इवात्सुमध्ये परक्या कंपनीची गाडी आणणं म्हणजे जोडे न काढता कुणाच्या चटईवर चढण्यासारखं. होशिकावाच्या मोटारींचा कारखाना गावातच, आणि त्याच्या फाटकाशी गाड्या उभ्या करायची जागा होती ती फक्त होशिकावाच्या गाड्यांसाठी. पाहुणा दुसऱ्या गाडीतून आला की त्याला कालव्यापलीकडच्या मैदानात पिटाळायचे, मग पाऊस असो की बर्फ. चिझुरूचा मुलगा शुसाकु नागोयात दुसऱ्याच कंपनीच्या गाड्या विकायचा. पहिल्या वर्षी तो नववर्षाला त्या गाडीतून घरी आला, तर तोकुजीने ती टोफूवालीच्या मागच्या बोळात लावायला लावली आणि वर ताडपत्री घातली. जसं काही पोरगं चोरीचा माल घेऊन आलं होतं. तेव्हा चिझुरू पोट धरून हसली होती. आता आठवलं की तिला स्वतःचाच राग यायचा.

गावाला हा अभिमान फुकटचा मिळालेला नव्हता, हेही खरं. लढाई संपली तेव्हा इवात्सुमध्ये जळक्या होड्या आणि उपाशी माणसं सोडून काही उरलं नव्हतं. कंपनीचा मूळ मालक होशिकावा म्हातारा तेव्हा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. होड्याच नाहीत म्हटल्यावर त्याने ती इंजिनं तीनचाकी गाड्यांवर चढवली आणि कोळ्यांना दिली. तुफानात रस्ता वाहून गेला त्या दिवशी त्याची तीनचाकी डोंगराकडून फिरून गेली आणि गावाची मासळी बाजारात वेळेवर पोचली. ही गोष्ट चिझुरू शाळेत शिकली होती, तिच्यावर गाणंही म्हटलं होतं. कारखान्याच्या भिंतीवर अजून पुरुषभर उंच अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘होशिकावा थांबत नाही’. मग छोट्या मोटारी आल्या, त्यांतली चिदोरी देशभर गेली, आणि लोक म्हणायला लागले की चिदोरी घ्या, ती तुमच्या आधी म्हातारी होणार नाही.

आणि न थांबणाऱ्या या कंपनीला सगळ्यात मोठा गर्व होता तो थांबण्याचाच. कारखान्यात गाड्या पट्ट्यावरून सरकत जायच्या आणि पट्ट्याच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असायची. कामगाराला खोट दिसली की त्याने दोरी ओढायची. दिवा लागायचा, लहान मुलांच्या गाण्याची धून वाजायची आणि सगळा पट्टा जागच्या जागी थांबायचा. कालचा पोर असला तरी त्याला दोरी ओढायचा हक्क, आणि खुद्द मालकानेही कपाळाला आठी घालायची नाही, असा नियम. परदेशातून माणसं ही दोरी बघायला यायची. शाळेची मुलं तर रांगेने यायची.

तोकुजी शेवटच्या तपासणीत होता. एके दिवशी त्याला ब्रेकच्या नळीचा सांधा पाझरताना दिसला. त्याने दोरी ओढली. धून वाजली, पट्टा थांबला, आणि त्या वेळचा विभागप्रमुख यात्सुका धावत आला. त्याने खिशातल्या फडक्याने सांधा पुसला, म्हणाला, "नवा माल आहे, बसेल नीट," आणि पट्टा चालू केला. पुढच्या गाडीला तोकुजीने पुन्हा ओढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एक दिवस त्याने ओढली तेव्हा दोरी नुसतीच हातात खाली आली. दिवा नाही, धून नाही. पट्टा आपला चाललेला. वर कुणीतरी तार सोडवून ठेवली होती. शाळेची मुलं यायच्या दिवशी ती जोडायचे, मुलं गेली की पुन्हा सोडवायचे.

हे त्याने चिझुरूला जेवताना सांगितलं होतं, मुळ्याचं लोणचं चावत, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

"मग तुम्ही काय केलंत?" तिने विचारलं.

"काय करणार? दोरी आहे, ती ओढायची. मी आपला ओढत राहिलो."

"मेलेली दोरी?"

"खोट दिसली तर ओढायची, असा नियम आहे." आणि त्याने भाताची वाटी पुढे केली.

त्या हिवाळ्यात घाटात एक चिदोरी कठड्याखाली गेली. गाडीत एक बाई होती आणि तिची शाळकरी मुलगी. मग दुसरी गेली. मग बोंब झाली. कंपनीचे सगळे साहेब काळे सूट घालून टीव्हीवर आले, एका रांगेत कमरेत वाकले, कॅमेऱ्यांचा लखलखाट पुरा होईपर्यंत वाकून राहिले आणि सरळ झाल्यावर मधल्याने कागद वाचला. त्या कागदातलं एक वाक्य चिझुरूला झोपेतसुद्धा पाठ होतं. ‘कामगारांना पट्टा थांबवण्याचा पूर्ण हक्क होता. दोरी होती. दुर्दैवाने ती कुणीच ओढली नाही.’

तोकुजीने टीव्ही बंद केला आणि बाहेर जाऊन आपली चिदोरी धुवायला घेतली.

तपासणीला कोण होतं हे गावाला ठाऊक होतं. टोफूवाली चिझुरूला टोफू द्यायची तो मान वळवून. कुणी तोंडावर काही बोललं नाही. इवात्सुमध्ये तोंडावर बोलतच नाहीत, त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या. निवृत्तीच्या निरोपाला तोकुजीला फुलंसुद्धा कुणी दिली नाहीत. "तुम्ही सांगा ना सगळ्यांना," म्हणून चिझुरू त्याच्या मागे लागली, ओरडली, एकदा तर तिने जेवणाचं तबक आपटलं. तो म्हणायचा, "आमच्या कंपनीवर सध्या वाईट दिवस आहेत. त्यात मी कशाला भर घालू?" आमची कंपनी! ज्यांनी याच्या तोंडाला काळं फासलं ती याची कंपनी! आणि गेल्या मंगळवारी तो गेला तोही कसा? अंगणात चिदोरी धुताना, हातात ओला स्पंज घेऊन. चिझुरूच्या मनात आलं होतं की आधी त्या गाडीवर कुऱ्हाड घालावी आणि मग डॉक्टरला फोन करावा.

"आई, एक सांगू?" शुसाकु हळूच म्हणाला. तो नागोयाहून आदल्या संध्याकाळी आला होता, आणि सवयीने गाडी बोळातच लावून आला होता. "बाबांना होशिकावाच आवडली असती."

"बाबांना काय आवडतं ते मी जन्मभर केलं. आता ते झोपलेत. आज मला आवडेल ते होणार." ती निवाकडे वळली. "दुसरी गाडी धुऊन पुसून आण. आणि चालवायला तू स्वतः ये."

दुसऱ्या दिवशी सभागृहात फुलांची चक्रं भिंतीला लागून उभी होती. सगळ्यात मोठं होशिकावाचं. यात्सुका आता संचालक झाला होता. चार तरुण अधिकारी मागे घेऊन तो वेळेआधीच आला आणि विधी सुरू होण्यापूर्वी चिझुरूला भेटायला मागच्या खोलीत शिरला. दारातच एवढा वाकला की त्याचं टक्कल तिच्या नाकासमोर आलं.

"वहिनी, काय बोलू? अरामाकी म्हणजे आमचा कणा होता."

"बसा साहेब. बोलायचं काय ते मीच सांगते," चिझुरू म्हणाली. "तुम्ही आज श्रद्धांजली वाचणार ना? त्यात एकच वाक्य घाला. अरामाकीने दोरी ओढली होती. बस्स. दुसरं काही मागत नाही मी तुमच्याकडे."

यात्सुकाने चहाकडे पाहिलं, मग चटईकडे. "वहिनी, कोर्टात प्रकरण आहे."

"असू दे की."

"मान झुकवायला सांगा, जमिनीला टेकवतो. पण बोलायचं वकिलांच्या हातात आहे. माझ्या नाही."

"म्हणजे झुकायला वकील लागत नाहीत?"

"नाही," यात्सुका अगदी सरळपणे म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

चिझुरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली आणि तिने दार सरकवून उघडलं. दाराबाहेर कुमे उभा होता. कुमे पट्ट्यावर तोकुजीच्या शेजारच्या जागेवरचा. पाठीच्या दुखण्याने तो आता काठी घेऊन चालायचा. त्याने सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"तू तर तिथेच होतास," यात्सुका निघून गेल्यावर चिझुरू त्याला म्हणाली. "तुला दिसत होतं. रोज."

"दिसत होतं, वहिनी."

"मग पाच वर्षं जिभेला काय झालं होतं?"

"पोरगा अजून त्याच पट्ट्यावर आहे." कुमेने काठीची मूठ दाबून धरली. "तोकुजी मला म्हणाला होता, तू बोलू नकोस, तुला पोरगा आहे. शपथ घातली त्याने मला."

"त्यालाही पोरगा होता!" चिझुरू ओरडली. बाहेर बसलेल्यांच्या माना वळल्या. "त्याच्या बायकोला टोफूसुद्धा मान वळवून मिळत होता! जा, जाऊन बस. सगळे एका माळेचे मणी तुम्ही."

भिक्षूंचं पठण झालं. माणसं एकेक करून पुढे आली, धूप चिमटीने कपाळापर्यंत नेऊन निखाऱ्यावर सोडत गेली. यात्सुकाने श्रद्धांजली वाचली. त्यात निष्ठा होती, सचोटी होती, समुद्राचा वारा होता, संस्थापकांच्या तीनचाकीची मासळीसुद्धा होती. दोरी तेवढी नव्हती. वाचताना त्याने मध्येच डोळे टिपले आणि बायकांनी रुमाल काढले. चिझुरूने मांडीवरच्या हातांची नखं तळव्यात रुतवून घेतली.

मग तोकुजीला बाहेर आणलं. दारासमोर परक्या कंपनीची शववाहिनी उभी होती, काळी, चकचकीत, पुढच्या जाळीवर दुसऱ्याच घराण्याचं चिन्ह. गर्दीत कुजबूज उठली आणि विझली. यात्सुकाच्या एका तरुण अधिकाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. शुसाकु जमिनीकडे बघत होता.

निघण्यापूर्वी घरच्याने दोन शब्द बोलायचे असतात. आलात, आभारी आहोत, एवढंच. शुसाकु पुढे होणार तेवढ्यात चिझुरूने त्याला कोपराने मागे सारलं. छातीशी तोकुजीचा फोटो धरून ती पायरीवर उभी राहिली.

"आलात, आभारी आहे," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने दोरी ओढली होती. एकदा नाही, रोज. वरची तार सोडवून ठेवली होती. ती कुणी सोडवली ते इथे उभे असलेल्यांना माहीत आहे. त्या घाटातली बाई आणि तिची लेक माझ्या नवऱ्याने मारल्या नाहीत. एवढंच सांगायचं होतं."

जो तो आपल्या बुटांकडे बघत होता. यात्सुका दोन पावलं पुढे आला, हात मांड्यांना चिकटवले आणि खोल वाकला, टीव्हीवर वाकला होता तसाच. मागचे चौघेही वाकले. चिझुरूला वाटलं, हे मस्त आहे. याला एक पैसा पडत नाही. हा मरेपर्यंत असाच वाकत राहील आणि मरेपर्यंत एक शब्द बोलणार नाही.

ती गाडीत निवाच्या शेजारी बसली. फोटो मांडीवर. निवाने रिवाजाप्रमाणे हॉर्न दाबला, लांब, एकसुरी. हा हॉर्न वाजला की माणूस गावातून निघाला. बाहेरची सगळी गर्दी वाकली.

आणि तेव्हा तिला आठवलं. होशिकावाच्या गाड्यांच्या दुकानात नव्या पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवायचे, ते शुसाकु लहानपणी घरात नक्कल करून दाखवायचा. गिऱ्हाईक निघालं की वाकायचं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत डोकं वर करायचं नाही. मग पाऊस असो, कंबर मोडो. कंपनीची इज्जत त्यात आहे. संचालक झाल्यापासून यात्सुकाने हे हजारो पोरांना शिकवलेलं.

"थांब," ती म्हणाली.

निवाने पाय ब्रेकवर ठेवला. "काय राहिलं, वहिनी?"

"काही नाही. थांब नुसता."

"स्मशानात आपली वेळ ठरलेली आहे."

"हलवू नकोस गाडी." निवाने हॉर्नवरून हात काढला होता. चिझुरू वाकली आणि आपल्या तळव्याने तिने हॉर्न दाबून धरला.

हॉर्न वाजत राहिला. सभागृहाच्या काचा थरथरल्या. बाहेर कुणाला कळेना काय चाललंय, पण गाडी समोर असताना डोकं वर कोण करणार? यात्सुकाची मान लाल झाली. त्याच्या मागच्या एका पोराच्या टाचा हलायला लागल्या. चिझुरू बघत होती आणि तिला बरं वाटत होतं, पाच वर्षांत पहिल्यांदा. वाक म्हणावं. तुला फुकट वाकता येतं ना? वाक मग.

पण वाकले होते ते सगळेच. टोफूवाली वाकली होती. पट्ट्यावरची म्हातारी माणसं वाकली होती, ज्यांच्या कमरा होशिकावानेच मोडल्या होत्या. कुमेची काठी लटपटत होती. त्याचा चेहरा वेदनेने वेडावाकडा झालेला तिला काचेतून दिसला, आणि तिचा हात क्षणभर सैल पडला. यांना कशाला शिक्षा? लगेच तिच्या मनाने उलट विचारलं, का नको? तिने पुन्हा जोराने दाबला.

तेवढ्यात कुमे सरळ झाला.

आधी काठीवर भार देऊन, मग हळूहळू पाठ उभी करत. वाकलेल्या गर्दीत तो एकटाच उभा होता, आणि या गावात ह्याहून मोठा उद्धटपणा नाही. त्याने गाडीकडे पाहिलं. काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात डोक्याच्या वर नेला, मूठ वळली आणि खाली ओढली. वर काही नव्हतं. नुसती हवा. पण पट्ट्यावर ज्याने कधी काम केलं त्याला ती ओढ ओळखायला वेळ लागला नसता.

त्याच्या शेजारच्याने कपडे सळसळल्याचं ऐकून तिरकं पाहिलं, आणि तोही सरळ झाला. त्याचा हात वर गेला, मूठ खाली आली. मग रंगखात्यातला एक. मग दोघे एकदम, मग रांगाच्या रांगा. कुमेचा पोरगा, अजून त्याच पट्ट्यावर पोट असलेला, सगळ्यांत मागे उभा होता. त्याने बापाकडे पाहिलं आणि हात वर केला. टोफूवाली कारखान्यात कधी गेली नव्हती, तिला दोरी कशी ओढतात ते ठाऊक नव्हतं, पण तीही सरळ उभी राहिली आणि तिने चिझुरूकडे मान न वळवता पाहिलं.

चिझुरूने हॉर्नवरून हात काढला.

शांत झालं. दुसऱ्या कंपनीची ही गाडी विजेवर चालणारी, तिचा आवाजच नाही. हॉर्न थांबला म्हणजे गाडी गेली, असं यात्सुकाला वाटलं. त्याने सुस्कारा सोडला, कंबर सरळ केली, सूट खाली ओढला आणि डोकं वर केलं.

गाडी समोरच उभी होती. खिडकीतून चिझुरू त्याच्याकडे बघत होती. त्याने दचकून बाजूला पाहिलं, तर गाव ताठ उभं. म्हाताऱ्यांचे हात अजून वर होते, मुठी वळलेल्या. त्या मुठी कशाच्या हे त्याला सांगायला नको होतं. त्यानेच वर शिडी लावून तार सोडवायला माणूस पाठवला होता.

मग त्याला जे येत होतं तेच त्याने पुन्हा केलं. तो वाकला. या वेळी त्याच्याबरोबर कुणी वाकलं नाही. मागचे चौघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"निघ आता," चिझुरू निवाला म्हणाली.

गाडी कालव्याकडे वळली. कारखान्याच्या भिंतीवरची अक्षरं खिडकीतून मागे गेली. चिझुरूने मांडीवरचा फोटो आपल्याकडे वळवला. तोकुजी नेहमीसारखाच हसत होता, कुणालाही त्रास न देणारं हसू.

"बघितलंत?" ती त्याच्यावर ओरडली. "एवढंच करायचं होतं. एवढंच! आणि तुम्ही गाडी धूत बसलात!"

निवा समोर रस्त्याकडे बघत राहिला. इवात्सुची हद्द संपेपर्यंत ती नवऱ्याला बोलत होती, आणि पुलाजवळ कधीतरी त्या बोलण्याचंच रडणं झालं.